रूळ नवे, वाट जुनीच

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पर्यटन पुरवणीत इंग्लंडमधल्या ऑल्टन टॉवर्स या करमणूक उद्यानावर लेख आला होता. लेख चांगला होता, फोटोही झकास. पण त्यात एक वाक्य होतं, की ‘नेमेसिस’ ही जुनी राइड पाडून तिथे नवी उभारली आहे. त्यातला ‘पाडून’ हा शब्द मला खुपला. या पाळण्यात मी दोनदा बसलोय. (मी पाळणाच म्हणतो. रोलर कोस्टर म्हणायला जीभ वळते, मन वळत नाही.) एकदा १९९७ साली, आणि दुसऱ्यांदा २०२४च्या जूनमध्ये. शिवाय माझं सगळं आयुष्य चिंचवड-भोसरी पट्ट्यात वेल्डिंग इन्स्पेक्टर म्हणून गेलं. तेव्हा लोखंड बदलणं म्हणजे काय आणि पाडणं म्हणजे काय, यावर दोन शब्द बोलण्याचा अधिकार मला आहे असं वाटतं. पत्र लांबेल. कापायचं झालं तर मधून कापा, शेवटून नको, कारण विनंती शेवटी आहे.

१९९७ साली कंपनीनं मला तीन महिन्यांच्या ट्रेनिंगला स्टॅफर्डशायर परगण्यात पाठवलं होतं. माझ्याबरोबर कोल्हापूरचा एक सहकारी होता. दोघांना मिळून एक खोली, आणि इथून नेलेल्या मेतकुटावर, चटणीवर दिवस काढणं चाललेलं. एका रविवारी तिथल्या फोरमननं स्वतःच्या गाडीत घालून आम्हाला ऑल्टन टॉवर्सला नेलं. नावातले ‘टॉवर्स’ म्हणजे श्रूजबरीच्या अर्ल लोकांचा जुना वाडा. छत उडालेलं, भिंती आणि बुरूज तेवढे उभे. त्याच्या आजूबाजूच्या झाडीत हे सगळे खेळ. आपल्याकडे एखाद्या सरदाराच्या पडक्या गढीभोवती कायमची जत्रा भरावी, तसा प्रकार.

नेमेसिस तेव्हा तीन वर्षांचं होतं. १६ मार्च १९९४ला सुरू झालं. युरोपातला अशा जातीचा तो पहिला पाळणा. जात कोणती, तर उलटी. म्हणजे रूळ आपल्या खाली नसतो, डोक्यावर असतो, आणि आपण खुंटीला अडकवलेल्या पिशवीसारखे त्याला लोंबकळत असतो. पायाखाली काहीही नाही. एका गाडीत बत्तीस माणसं, चार-चारच्या आठ ओळी. बनवणारी कंपनी स्वित्झर्लंडची बोलिगर अँड मॅबिलार्ड. आपल्या खोपोलीच्या इमॅजिकातली ‘नायट्रो’ त्यांचीच, हे इथे सांगून ठेवतो, म्हणजे ही फार लांबची गोष्ट आहे असं कुणाला वाटायला नको.

लांबून बघितलं तेव्हा मी हसलो होतो. साखळी गाडीला जिथपर्यंत ओढून नेते तो चढ जेमतेम तेरा मीटर. आमच्या हेवी फॅब्रिकेशन शॉपचं छप्परही साधारण तेवढंच उंच. एवढ्यासाठी तास-सव्वा तास रांग? कोल्हापूरकर म्हणाला, ‘ह्यापेक्षा आमच्या पंचगंगेच्या पुलावनं उडी बरी.’

मग फोरमननं समजावलं. त्या भागात झाडांच्या शेंड्यांच्या वर काहीही बांधायला परवानगी नाही. गावकऱ्यांना आणि नगररचनावाल्यांना दरीचं दृश्य बिघडलेलं चालत नाही. आता उंच पाळणा तर हवा आणि वर तर जाता येत नाही. म्हणून जॉन वॉर्डली या माणसानं, ज्याच्या डोक्यातून ही राइड निघाली त्यानं, खाली जायचं ठरवलं. सुरुंग लावून खडक फोडला, खड्डे केले, आणि रूळ त्या खड्ड्यांतून, कपारींतून फिरवला. गणितं केली वेर्नर श्टेंगल या जर्मन इंजिनिअरनं. चढ तेरा मीटरचा, पण उतार एकतीस मीटरच्या वर! विहिरीत मोट सोडावी तशी ती गाडी जमिनीच्या आत जाते. बाहेर उभं राहून दिसतं ते विहिरीचं फक्त तोंड.

बसल्यावर काय झालं ते सांगतो. साखळी सुटली. त्यानंतर इंजिन नाही, मोटर नाही, फक्त वजन आणि उतार. पहिल्याच फिरकीत आकाश पायाकडे गेलं. मग एक घसरती वाटोळी घेरी, जिच्यात गाल खाली ओढले जातात आणि हात मांडीवरून उचलवत नाही. आपल्या वजनाच्या जवळजवळ चारपट भार अंगावर येतो म्हणतात, आणि मला ते पटलं, कारण माझ्या शर्टाच्या खिशातलं पेन छातीत रुतल्यासारखं झालं होतं. पुढे एक अशी जागा आहे की गाडी पूर्ण पलटी घेते आणि त्या पलटीत वजनच नाहीसं होतं. मग उभा वळसा, मग आणखी एक फिरकी, आणि ब्रेक. ७१६ मीटर, एक मिनिट वीस सेकंद, ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास. सबंध वेळ खडकाची कड पायांपासून हातभरावर आहे असं वाटत राहतं. मध्येच लाल पाणी सोडलेले धबधबे. रक्ताची नदी म्हणे. मला ती मृगाचा पहिला पाऊस पडल्यावर चिपळूणकडचे ओढे वाहतात तशी दिसली.

मी ‘आई गं’ एवढंच ओरडलो, ते पण एकदाच. कोल्हापूरकरानं खाली उतरल्यावर शब्द काढला नाही. निघताना मी मुलीसाठी एक पिक्चर पोस्टकार्ड घेतलं. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. हिरवी झाडी, करडा खडक आणि त्यातून वळत गेलेला पांढरा रूळ. ते कार्ड आमच्या शोकेसमध्ये काचेच्या मागे कितीतरी वर्षं होतं, कडा पिवळ्या पडेपर्यंत.

आता मधल्या गोष्टीकडे येतो. ६ नोव्हेंबर २०२२ला नेमेसिस बंद झालं. लोकांना आधी तारीख सांगून बंद केलं. शेवटच्या दिवशी बसायला लोक लांबलांबून आले. आणि बरोबर तीस वर्षांनी, त्याच तारखेला, १६ मार्च २०२४ला पुन्हा सुरू झालं. मध्ये एक अख्खा हंगाम बंद. उद्यानाची सगळ्यात नावाजलेली राइड, आणि वर्षभर पडदा! आपल्याकडे अशा धंद्यात कुणी एक सुट्टीचा शनिवार सोडायला तयार होत नाही.

का बंद केलं असेल ते माझ्या क्षेत्रातलं आहे, म्हणून जरा थांबतो. लोखंड थकतं. शॉपवर आम्ही फटीग म्हणतो. तारेचा तुकडा घ्या आणि एकाच जागी खालीवर वाकवत राहा. पहिल्या दहा वेळा काही होत नाही, विसाव्या वेळेला तुटते. प्रत्येक वेळी तुम्ही लावलेला जोर तेवढाच होता, तरीही. रुळाचं तसंच. बत्तीस माणसांची गाडी वळणावर आली की रूळ केसभर वाकतो, गेली की सरळ होतो. दिवसातून शेकडो वेळा, अठ्ठावीस वर्षं. चीर पडते ती बहुतेक वेळा वेल्डच्या पायथ्याशी, जिथे जोड संपतो आणि मूळ पत्रा सुरू होतो. सुरुवातीला ती डोळ्यांना दिसत नाही. काही जोड दुरुस्त करता येतात, काही पुन्हा पुन्हा दुरुस्त करता येतात, आणि एक वेळ अशी येते की शहाणा माणूस म्हणतो, आता ठिगळं बास, माल बदला. तिथे जवळजवळ सगळा रूळ आणि त्याचे खांब बदलले. पण बदलले ते त्याच आखणीवर. तीच वळणं, तेच उतार, तेच खड्डे. खडकही तोच.

माझी मुलगी आता डर्बीला असते. गेल्या जूनमध्ये आम्ही दोघं तिच्याकडे गेलो होतो. नेमेसिस पुन्हा सुरू झाल्याचं तिनंच सांगितलं आणि सांगून पस्तावली. ‘बाबा, तुमची बीपीची गोळी चालू आहे. बाहेर बोर्ड लावलाय तिथे, वाचा.’ मी म्हटलं, वाचतो. डॉक्टरांना इथे चिंचवडला फोन लावला. त्यांनी गेल्या सहा महिन्यांचे आकडे विचारले, जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘एकदाच. आणि रिकाम्या पोटी नको, भरल्या पोटी तर नकोच.’ ही शेवटपर्यंत बोलली नाही माझ्याशी, पण डब्यात दशम्या बांधून दिल्या.

नातीची वेगळीच रड. वय नऊ, उत्साह नव्वदाचा. पण नेमेसिसला उंची लागते १.४० मीटर. दारातल्या मापाच्या काठीखाली ती उभी राहिली, टाचा उचलल्या, तिथल्या मुलानं हसत तिच्या खांद्यावर हात ठेवून टाचा खाली टेकवल्या. १३७. तीन सेंटिमीटर कमी. तिनं माझ्याकडे बघितलं. जन्मभर गेज हातात धरलेला माणूस मी, मी काय बोलणार? ‘नो-गो,’ म्हटलं, म्हणजे मापात बसत नाही. ती आजीजवळ जाऊन बसली आणि दशमी खायला लागली.

आणि मग मी मान वर करून रूळ पाहिला, आणि खरं सांगतो, पोटात खड्डा पडला.

पूर्वीचा पांढरा रूळ आता काळा आहे, आणि त्या काळ्यावर लाल शिरा रंगवल्यात. राक्षसाचं अंग आहे म्हणून शिरा. स्टेशनाशी त्या राक्षसाचा भला मोठा डोळा, हलणारा. पोरांना बघायला मजा येते. पण माझ्यासारख्याला त्या लाल रेषा कशा दिसतात ते कुणी त्यांना विचारलं नसावं. आमच्याकडे जोड तपासायची एक सोपी पद्धत असते, डीपी टेस्ट. जोड स्वच्छ पुसायचा, त्यावर लाल रंगाचं पातळ द्रावण लावायचं, थोडा वेळ मुरू द्यायचं, पुसून टाकायचं आणि वरून पांढरी भुकटी फवारायची. माल चांगला असेल तर पांढऱ्याचं पांढरंच राहतं. चीर असेल तर तिच्यात मुरलेला लाल रंग हळूहळू वर येतो. आधी एक ठिपका, मग दुसरा, मग केसासारखी वाकडी रेघ. ती रेघ दिसली की आम्ही खडू काढतो, गोल करतो आणि माल बाजूला. पस्तीस वर्षं लाल रेघ म्हणजे ‘थांबव’ हेच माझ्या डोळ्यांना शिकवलेलं. आणि इथे सातशे मीटर रूळभर लाल रेघा, आणि त्याखाली माणसं हसत रांगेत उभी! मुलीला सांगितलं तर ती इतकी हसली की मागची माणसं बघायला लागली.

सजावटीबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. राक्षसाला कोंडून ठेवणाऱ्या कुठल्याशा पलटणीची गोष्ट रचली आहे, रांगेत सारख्या त्यांच्या घोषणा चालू असतात. जुन्या वेळी रांगेत पाण्याचा आवाज यायचा, आणि दर थोड्या वेळानं डोक्यावरून गाडीची गडगड. तेवढं पुरे होतं. भुताची गोष्ट सांगणाऱ्यानं मधून मधून गप्प बसावं लागतं, हे आपल्या कोकणातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला कळतं.

पण गाडीत बसलो, खांद्यावरचा दांडा खाली आला, पायाखालची जमीन सरकली, आणि सजावट संपली. साखळीचा टकटक आवाज. डावीकडे झाडी. आणि पहिल्या फिरकीत माझी मान आपोआप वळायच्या बाजूला गेली, वळण यायच्या आधी. मी ठरवून केलं नाही. सत्तावीस वर्षांपूर्वी दीड मिनिट भेटलेली वाट मानेनं लक्षात ठेवली होती. घेरी आली तिथे श्वास धरला गेला, पलटीच्या आधी बोटं आवळली गेली. जिना जुना असला की अंधारातसुद्धा तुटक्या पायरीला पाऊल जपून पडतं ना, तसं. या वेळीही ‘आई गं’ निघालं, आणि त्याच जागी निघालं असावं असा माझा संशय आहे.

फरक एकच जाणवला. १९९७मध्ये शेवटच्या फिरकीच्या आधी एक बारीक थरथर दाढांपर्यंत यायची. नव्या रुळावर ती नाही. गाडी तुपातून सुरी जावी तशी जाते. आणि माझी गंमत बघा, मला चुकल्यासारखं झालं. थरथर हा दोष आहे, असं मी आयुष्यभर ट्रेनी पोरांना ओरडून शिकवलं, आणि इथे मी दोषाची आठवण काढत लोंबकळत होतो. कोल्हापूरकराला त्या रात्री फोन करून सांगितलं. तो म्हणाला, ‘रूळ नवा झालाय का तुझ्या दाढा गेल्यात, ते आधी बघ.’ वरच्या दोन खरंच गेल्यात.

उतरल्यावर मुलीनं पर्समधून ते पोस्टकार्ड काढलं. मला माहीतच नव्हतं तिनं ते लग्नानंतर बरोबर नेलंय. कठड्याशी उभं राहून आम्ही ते समोर धरलं. खडक तोच. झाडं वाढलेली. पांढरी रेघ काळी झालेली, पण जिथे ती खडकाच्या कडेवरून खाली उतरते ती जागा, आणि जिथे दुसऱ्या वळणाखालून जाते ती जागा, बोटानं मोजली तरी सरकलेली नाही. म्हणून ‘पाडून’ या शब्दाला माझी हरकत. आपल्याकडे जीर्णोद्धार म्हणतात तो शब्द इथे बसतो. मात्र आपण हल्ली करतो तो जीर्णोद्धार नव्हे. आमच्या गावच्या देवळाचा काळा दगड काढून आत बाथरूमच्या टाइल्स लावल्या आणि कळसाला ऑइलपेंट दिला, देव तेवढा जुना राहिला. त्याला पाडणं म्हणा, माझी ना नाही.

आता विनंती, जिच्यासाठी एवढं पाल्हाळ.

आपलं वृत्तपत्र दर वर्षी जत्रांच्या हंगामात आकाशपाळण्याचा फोटो छापतं. रात्रीचा, दिवे लावलेला, सुंदर फोटो. दोन वर्षांपूर्वी एका जत्रेत (गावाचं नाव घेत नाही, माणसं ओळखीची आहेत) मी त्या पाळण्याच्या बुडाशी सहज टॉर्च मारला. एका पाळण्याच्या पिनेला स्प्लिट पिन (पिन निसटू नये म्हणून घालतात ती खीळ) नव्हती, बाइंडिंग वायरचे दोन वेढे होते. एका तुळईच्या जोडावर वेल्डवर वेल्ड, त्यावर वेल्ड, आणि वर चंदेरी रंग. चालवणाऱ्याला बाजूला घेऊन दाखवलं. माणूस वाईट नव्हता. चहा मागवला माझ्यासाठी. म्हणाला, ‘साहेब, पंधरा वर्षं झाली फिरवतोय, आजवर काही झालं नाही.’ मी त्याला तारेची गोष्ट सांगितली, जी वर सांगितली. पंधरा वर्षं काही झालं नाही याचा अर्थ पंधरा वर्षं वाकलंय, एवढाच होतो. त्यानं माझ्यासमोर वायर काढून स्प्लिट पिन घातली. जोडाचं मात्र ‘हंगाम संपल्यावर बघू’ म्हणाला. मी त्या रात्री पाळणा थांबेपर्यंत तिथेच उभा होतो. उभं राहून काय करणार होतो, मलाही ठाऊक नाही.

तेव्हा पुढच्या हंगामात फोटोच्या खाली एक ओळ छापा, एवढंच मागणं आहे. हा पाळणा शेवटचा कधी उघडून तपासला, आणि कुणी तपासला. बातमीदारानं विचारायचं आणि जे उत्तर येईल ते जसंच्या तसं द्यायचं. उत्तर आलं नाही तर ‘उत्तर मिळाले नाही’ असं छापायचं. मोठ्या उद्यानांनाही हेच विचारा, त्यांच्याकडे कागद असतील, त्यांना दाखवायला आवडेल. डीपी टेस्टचं सामान म्हणजे तीन डबे, एका पिशवीत मावतात. आमच्यासारखे निवृत्त इन्स्पेक्टर या पट्ट्यात भरपूर आहेत, आणि सकाळच्या फिरण्यानंतर आम्हाला फारसा उद्योग नाही. चहापाण्यावर येऊ.

जाता जाता, ‘पाडून’चा खुलासा दोन ओळींत छापलात तर आभारी राहीन. पुढच्या जूनची तिकिटं काढून झाली आहेत. नातीनं डर्बीच्या स्वयंपाकघरात दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं खुणा करायला घेतल्यात, दर महिन्याच्या एक तारखेला फोटो येतो. कालचा फोटो १३९ आणि थोडं. खाली विचारलंय, ‘आबा, केस धरायचे का?’ केस धरत नाहीत, असं कळवलं आहे.

आपला,
एक निवृत्त वेल्डिंग इन्स्पेक्टर
चिंचवड